कमरेला की खिशात?

ॲरिझोना प्रदेशातलं टूमस्टोन हे चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं गाव. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी दुपारी तीनच्या सुमारास तिथल्या एका अरुंद मोकळ्या जागेत नऊ माणसं समोरासमोर आली. एका बाजूला व्हर्जिल, वायट आणि मॉर्गन हे अर्प बंधू आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे. दुसऱ्या बाजूला क्लँटन आणि मॅक्लॉरी भाऊ आणि त्यांचा एक साथीदार. जेमतेम तीस सेकंदांत तीसेक गोळ्या सुटल्या आणि तीन माणसं मेली. पुढे या चकमकीवर इतके चित्रपट निघाले की मांडीवर लोंबणारा चामडी पट्टा, त्यातलं लांब नळीचं रिव्हॉल्व्हर आणि मुठीजवळ घुटमळणारा हात हे चित्र जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात पक्कं बसलं.

वायट अर्पने नंतर चौकशीत शपथेवर सांगितलं ते वेगळंच होतं. त्याचं पिस्तूल ओव्हरकोटच्या खिशात होतं. हॉलिडेनेही दुनळी बंदूक लांब कोटाखाली झाकून आणली होती. आणि मुळात भांडण पेटलं ते हत्यारांवरूनच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टूमस्टोनने नियम केला होता की परवान्याशिवाय गावात कुणी हत्यार बाळगायचं नाही, बाहेरून येणाऱ्याने ते आधी जमा करायचं. व्हर्जिल अर्प गावचा पोलीसप्रमुख. समोरच्यांची हत्यारं काढून घ्यायची म्हणूनच तो तिकडे निघाला होता.

हत्यार रोज जवळ बाळगायचं म्हटलं की माणसाला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. धोका कुणाकडून आहे, खर्चाची ऐपत किती आहे आणि हत्यार चारचौघांना दिसावं की दिसू नये. यातली तिसरी गोष्ट सर्वांत जास्त बोलकी. कमरेला दिसणारं हत्यार समोरच्याला आधीच काहीतरी सांगून ठेवतं. खिशातलं हत्यार वेळ येईपर्यंत गप्प असतं. या दोहोंत कुणी काय निवडलं आणि कायद्याने कुणाला काय निवडू दिलं, याचा इतिहास सुमारे ५०० वर्षांचा आहे.

तोड्याची बंदूक लपवता येत नसे. जळती वात हाताशी ठेवावी लागे. तिचा धूर आणि वास दुरूनच कळे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात चाकाच्या चापाची बंदूक आली. किल्लीने पीळ दिलेलं पोलादी चाक गंधकयुक्त दगडावर घासायचं, ठिणगी पडायची आणि बार उडायचा. वातीची गरजच संपली. आता हत्यार भरून, डगल्याखाली घेऊन माणूस कुठेही जाऊ शकत होता. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५१७-१८च्या सुमारास आपल्या मुलखात या ‘आपोआप पेटणाऱ्या’ बंदुकांवर बंदी घातली. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या १५४१-४२च्या कायद्याने हातबंदूक किमान एक यार्ड लांब असायला हवी असं ठरवलं, शिवाय ती बाळगणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न १०० पौंडांचं हवं. लांबीची अट लपवणाऱ्यासाठी होती, उत्पन्नाची अट गरिबासाठी. पुढच्या साडेचारशे वर्षांतले कायदे याच दोन अटींभोवती फिरत राहिले.

राज्यकर्त्यांची भीती निराधार नव्हती. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट शहरात बाल्टाझार जेरार याने डच बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याला त्याच्याच घरात जवळून गोळ्या घातल्या. पिस्तुलं घेतली होती ती विल्यमकडूनच मदत म्हणून मिळालेल्या पैशांतून. भिंतीतली भोकं डेल्फ्टच्या प्रिन्सेनहोफमध्ये आजही दाखवतात.

अमेरिकेत हा प्रश्न अब्रूच्या भाषेत मांडला गेला. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ सालीच लपवून हत्यार बाळगण्यावर बंदी घातली. पाठोपाठ दक्षिणेतली इतर राज्यंही आली. उघड बाळगायला मात्र बहुतेक ठिकाणी हरकत नव्हती. १८५० साली लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात या भेदामागची भूमिका स्पष्ट केली. उघड्यावर हत्यार वागवणं हे मर्दाला शोभणारं आहे. लपवलेलं हत्यार मात्र दगा द्यायच्या कामाचं, अशा आशयाचं मत न्यायालयाने नोंदवलं. पिस्तूल तेच, माणूसही तोच. ते कोटाच्या आत गेलं की सद्गृहस्थ संशयित ठरत होता. हे मत मांडणाऱ्या समाजात उघड हत्यार घेऊन चालण्याची मुभा खरी कुणाला होती हे विसरता येणार नाही. गुलामांना हत्यार बाळगायला दक्षिणेत सक्त मनाई होती, आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांवरही बहुतेक राज्यांनी निर्बंध घातले होते.

न्यायालयांनी काहीही म्हटलं तरी लोक विकत घेत होते ती खिशात मावणारी हत्यारं. १८४९ साली सोन्याच्या आशेने कॅलिफोर्नियाकडे निघालेल्यांपैकी अनेकांकडे ईथन ॲलनच्या कारखान्यातलं ‘पेपरबॉक्स’ होतं. पाच-सहा नळ्यांचा जुडगा, चाप ओढला की अख्खा जुडगा फिरायचा आणि पुढची नळी वर यायची. तोंडाकडे जड असल्याने नेम धरणं कठीण; त्यातून वरचा पट्टीसारखा घोडा नजरेच्या आड येई. मार्क ट्वेनने ‘रफिंग इट’ या पुस्तकात या पिस्तुलाच्या नेमाची भरपूर टर उडवली आहे. तरीही ते खपलं. ते घेणारा कारकून, दुकानदार, शेतकरीपुत्र होता. त्याने आधी कधी माणसावर हत्यार रोखलेलं नव्हतं आणि अनोळखी माणसांच्या छावणीत रात्र काढायची त्याला धास्ती होती. एका हाताच्या अंतरावर पाच-सहा बार उडतील एवढा भरवसा त्याला पुरेसा होता.

फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने याच गिऱ्हाइकातल्या जरा वरच्या थराला हेरलं. त्याचं पिस्तूल एकबारी, टोपीचं आणि ठासणीचं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली, बाजूच्या पट्टीवर कोरीव नक्षी. एकच बार असल्यामुळे ती सहसा जोडीने विकली जात. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांना इतकी मागणी आली की नकला करणाऱ्यांनी डेरिंजरचं नावसुद्धा कोरायला सुरुवात केली, आणि म्हाताऱ्या डेरिंजरला कॅलिफोर्नियात खटला लढवावा लागला. जुगाराच्या टेबलावर बसणारे, वकील, राजकारणी, कोटाचा फुगवटा दिसू नये अशी काळजी असणारे लोक हे पिस्तूल घेत.

जॉन विल्क्स बूथनेही हेच घेतलं. १४ एप्रिल १८६५च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरमध्ये त्याने अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेलं पिस्तूल सहा इंचांहून किंचित कमी लांबीचं आणि सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं आहे. ते आज त्याच नाट्यगृहातल्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. तोवर पाच-सहा बारांची रिव्हॉल्व्हरं सहज मिळत होती. तरी बूथ एकबारी डेरिंजर आणि एक सुरा घेऊन आत शिरला. बार उडाल्यावर लिंकन यांच्यासोबत बसलेले मेजर रॅथबोन अंगावर आले तेव्हा पिस्तुलाचा उपयोग संपला होता, आणि बूथने सुरा चालवला. नट म्हणून त्याला ते नाट्यगृह पाठ होतं. अडवणूक न होता जवळ पोहोचता येईल याची त्याला खात्री होती, आणि त्या खात्रीवरच त्याने हत्यार निवडलं होतं.

सॅम्युएल कोल्टच्या कारखान्याचे आकडे या बाबतीत डोळे उघडणारे आहेत. १८७३ साली बाजारात आलेलं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे चित्रपटांतलं लाडकं रिव्हॉल्व्हर. १९४०पर्यंतच्या ६७ वर्षांत ते साडेतीन लाखांच्या आसपास बनलं. कोल्टचं १८४९चं पाच बारी ‘पॉकेट’ रिव्हॉल्व्हर मात्र अवघ्या दोन तपांत सव्वातीन लाखांहून अधिक खपलं. त्याची गोळी बारीक, मार बेताचा. पण ते कोटात मावे, आणि शहरातल्या माणसाला तेवढंच हवं होतं. शिंपीही मागे राहिले नाहीत. विजारीच्या मागच्या खिशाला त्या काळी ‘पिस्टल पॉकेट’ म्हणत.

‘वाइल्ड बिल’ हिकॉकने मात्र नेमका उलटा मार्ग धरला. त्याच्याकडे कोल्टच्या १८५१च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरांची हस्तिदंती मुठींची जोडी होती. ती तो मुठी पुढे करून कमरपट्ट्यात नाहीतर रेशमी शेल्यात खोचत असे. कॅन्सस राज्यातल्या गुरांच्या बाजारगावांत शांतता राखायची तर अर्धं काम या जोडीच्या दर्शनानेच व्हायचं. त्याचं नाव वृत्तपत्रांनी आणि स्वस्त कादंबऱ्यांनी एवढं मोठं करून ठेवलं होतं की ती जोडी न घेता बाहेर पडणं त्याला शक्यच नव्हतं. २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुड गावच्या दारूच्या गुत्त्यात हिकॉक पत्ते खेळत असताना जॅक मॅकॉलने मागून येऊन त्याच्या डोक्यात गोळी घातली. नेहमी तो भिंतीकडे पाठ करून बसे. त्या दिवशी ती जागा त्याला मिळाली नव्हती.

दिखाव्याची हौस याहून विचित्र टोकाला गेली ती १८८१ साली. अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना मारायचं ठरवून चार्ल्स गिटो वॉशिंग्टनमधल्या एका दुकानात गेला. ‘ब्रिटिश बुलडॉग’ जातीचं आखूड, बोजड रिव्हॉल्व्हर त्याने पसंत केलं. पैसे उसने आणलेले. तरी त्याचा जीव हस्तिदंती मुठीवर होता, लाकडी मुठीवर नव्हे. कारण पुढे संग्रहालयात मांडल्यावर ते शोभून दिसेल असं त्याला वाटत होतं. २ जुलैला त्याने रेल्वे स्टेशनवर गोळ्या झाडल्या. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. रिव्हॉल्व्हर खरोखरच सरकारी संग्रहालयाच्या ताब्यात गेलं, त्याचं छायाचित्र निघालं, आणि नंतर ते गहाळ झालं ते आजतागायत सापडलेलं नाही.

गिटोच्या बाबतीत हौसेचा प्रश्न होता. यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेत तो ऐपतीचा आणि वर्णाचा झाला. स्मिथ अँड वेसन कंपनीकडे असलेलं आरपार छिद्राच्या सिलिंडरचं पेटंट १८६९ साली संपलं आणि धातूच्या काडतुसांची स्वस्त, छोटी रिव्हॉल्व्हरं शेकडो नावांनी बाजारात आली. मजूर, घरकामाच्या बाया, नुकते गुलामीतून सुटलेले शेतकरी यांच्या आवाक्यात पहिल्यांदाच हत्यार आलं. टेनेसी राज्याने १८७१ मध्ये कायदा केला की कमरेची आणि खिशातली पिस्तुलं बाळगायची नाहीत. फक्त लष्करी पिस्तूल चालेल, तेही हातात उघड धरून. १८७९ मध्ये लहान पिस्तुलांच्या विक्रीवरच बंदी आली. मोठी, महागडी लष्करी रिव्हॉल्व्हरं युद्धातून परतलेल्या गोऱ्या सैनिकांच्या घरी होतीच. या कायद्याचा खरा भार गरिबांवर आणि कृष्णवर्णीयांवर पडला, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. कायद्याची शब्दरचना पाहिली की ते पटतं.

याच टेनेसीतल्या मेम्फिस शहरात ९ मार्च १८९२ रोजी टॉमस मॉस या किराणा दुकानदाराला त्याच्या दोन सहकाऱ्यांसह गोऱ्या जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार केलं. दुकान चांगलं चालत होतं आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराला ते खुपत होतं. शहरातल्या कृष्णवर्णीय रक्षक दलाची हत्यारं सरकारने आधीच काढून घेतली होती. मॉसची मैत्रीण आयडा बी. वेल्स ही गुलामीत जन्मलेली, तिशीच्या उंबरठ्यावरची पत्रकार. मॉसच्या हत्येनंतर आपण पहिलं काम केलं ते पिस्तूल विकत घेण्याचं, असं तिने आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे. झुंडबळींची एकेक हकीकत गोळा करून ती छापत होती. मे महिन्यात तिच्या वृत्तपत्राची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली. तेव्हा ती सुदैवाने बाहेरगावी होती. पुढची कित्येक वर्षं तिला दक्षिणेत पाऊल ठेवता आलं नाही. तिचं पिस्तूल कोणत्या बनावटीचं होतं याला काहीच महत्त्व नाही. ज्या राज्यात कायद्याने, न्यायालयाने आणि पोलिसांनी पाठ फिरवली होती तिथे लेखणी चालवणाऱ्या बाईला ते घ्यावं लागलं, हे त्या काळाबद्दल पुरेसं सांगतं.

हिंदुस्थानातही बंदुकीवरून माणसाची जागा कळत होती. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतल्या १८७८च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली. युरोपियनांना आणि मोजक्या संस्थानिक-सरदारांना सूट मिळाली. ज्या पुण्यात दोन पिढ्यांपूर्वी तलवार कमरेला लावणं हा शिपाईगड्याचा साधा मान होता, तिथे आता गोऱ्या अधिकाऱ्याच्या पट्ट्यातलं रिव्हॉल्व्हरच काय ते उजळ माथ्याने वावरत होतं. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर प्लेग अधिकारी रँड याला मारण्यासाठी वाट पाहत थांबले तेव्हा त्यांच्याजवळ पिस्तुलं होती आणि तलवारीही होत्या. तलवारींची अडचण होऊ लागली, म्हणून त्या त्यांनी एका दगडी मोरीखाली ठेवून दिल्या. पिढ्यान्‌पिढ्या मानाने मिरवलेलं हत्यार मोरीत ठेवून लपवता येणारं हत्यार घेतलं, तेव्हा १८७८च्या कायद्याने माणसांवर काय आणून ठेवलं होतं ते त्या एका कृतीत दिसतं.

बारा वर्षांनी पिस्तूलही बदललं होतं. अमेरिकेतल्या युटाचा जॉन ब्राउनिंग आणि बेल्जियममधला एफएन कारखाना यांनी १९००च्या सुमारास खिशातल्या हत्याराचा नकाशाच पालटला. रिव्हॉल्व्हरचं गोल सिलिंडर खिशात फुगवटा आणतं. ब्राउनिंगचं पिस्तूल चपटं, कारण काडतुसं मुठीतल्या पेटीत एकावर एक बसतात. सावरकरांनी १९०९ साली लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या खोट्या तळात लपवून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. लांब नळीची, सिलिंडरची वीस रिव्हॉल्व्हरं अशी आणणं महाकठीण होतं. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी झाडलं ते त्यातलंच. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना ठाण्यात फाशी झाली. २८ जून १९१४ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडणाऱ्या गाव्ह्रिलो प्रिन्सिपच्या हातात होतं तेही ब्राउनिंगच्याच आराखड्याचं, एफएनचं १९१०चं पिस्तूल.

याच ब्राउनिंगचा आणखी एक आराखडा कोल्टने १९०३ पासून बनवला. घोडा आत झाकलेला, कडा गोलसर, खिशातून काढताना कुठे अडकणार नाही असा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कर आपल्या सेनापतींना हेच छोटेखानी पिस्तूल देत असे. ज्याच्या शब्दावर लाखो सैनिक हलतात त्याला स्वतः गोळी झाडण्याची वेळ सहसा येत नाही, हे त्यामागचं साधं गणित. जॉर्ज पॅटनला मात्र एवढ्यावर भागवायचं नव्हतं. १९१६ साली मेक्सिकोच्या मोहिमेवेळी घेतलेलं हस्तिदंती मुठीचं कोल्ट आणि नंतर घेतलेलं स्मिथ अँड वेसन ही त्याची ओळखच होऊन बसली. मूठ मोत्याची आहे असं कुणी म्हटलं की तो भडकत असे. शिपायांनी आपल्याला दुरून ओळखावं, यासाठी तो टोपापासून बुटांपर्यंत काळजी घेई. हिकॉकला जे वृत्तपत्रांनी भाग पाडलं ते पॅटनने आपणहून, सेनापतिपदाचं साधन म्हणून स्वीकारलं.

शहरांचा कल मात्र खिशाला कुलूप घालण्याकडे होता. १९११च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या ग्रॅमर्सी पार्कजवळ कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी टिमोथी सलिव्हन या पुढाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. लपवता येईल असं कोणतंही अग्निशस्त्र बाळगायला परवाना, आणि पुढे तो परवाना मिळवायला योग्य कारण दाखवण्याची सक्ती. ते कारण योग्य की अयोग्य हे अधिकारी ठरवणार. शतकभर न्यू यॉर्कच्या सामान्य रहिवाशाला हा परवाना मिळणं दुरापास्त होतं.

२३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट रद्द केली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ माणूस परवान्याशिवायही पिस्तूल लपवून बाळगू शकतो. २००८ साली आलेलं रुगर कंपनीचं ‘एलसीपी’ रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्याही आत भरतं. बूथच्या डेरिंजरपेक्षा थोडंसंच जड, पण त्यात सात गोळ्या मावतात. त्याचा ग्राहक १८४९चं ‘पॉकेट’ कोल्ट घेणाऱ्याचाच वारस आहे. ते कुणाला दिसू नये आणि शक्यतो कधी काढावं लागू नये, हीच त्याचीही अपेक्षा.

त्या निकालाने एक नवी कसोटीही घालून दिली. हत्यार बाळगण्यावरचा आजचा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का, हे सरकारला दाखवून द्यावं लागतं. त्यामुळे लुइझियानाचं १८५०चं मत, टेनेसीचे १८७० नंतरचे कायदे आणि पश्चिमेकडच्या प्रदेशांतले नियम आता कोर्टात पुरावा म्हणून वाचले जातात, आणि इतिहासाचे प्राध्यापक तज्ज्ञ साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहतात. हे वाचन अर्धवट होता कामा नये. टूमस्टोनच्या नियमाने गावात येणाऱ्या प्रत्येकाला हत्यार जमा करायला लावलं; टेनेसीच्या कायद्याने महागडं हत्यार चालू ठेवून स्वस्त हत्यारावर बंदी घातली. दोन्ही निर्बंध एकाच काळातले आणि एकाच देशातले आहेत. न्यायाधीशांपुढे टेनेसीचा कायदा ठेवला जातो तेव्हा मेम्फिसमधल्या टॉमस मॉसच्या हत्येची हकीकतही त्याच कागदांत जोडलेली असायला हवी.